दुभत्या गाईच्या लाथा : फ्री सॉफ्टवेअरमधली तिरसट माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन-तीन वर्षं नोकरी झालेल्या एका मुलीला लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, एका ड्रायव्हरमध्ये (एखादं उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये) चूक सापडलीय, तिनं दुरुस्ती करून पॅच, म्हणजे बदललेल्या ओळी, तयारही ठेवलाय, पण कर्नलच्या मेलिंग लिस्टवरचे जुने मेल वाचून पाठवायची हिंमत होत नाहीये. ती विचारतेय की फ्री सॉफ्टवेअरच्या, म्हणजे सोर्स (मूळ कोड) सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या, चळवळीतली मोठी माणसं इतकी तिरसट का, आणि ती तशी नसती तर हे सगळं उभंच राहिलं नसतं असं जे म्हणतात ते खरं आहे का.

मी पुण्यात बरीच वर्षं आधी पॅकेजिंग (बाहेरचं सॉफ्टवेअर लिनक्सवर बसेल असं बांधून देणं) आणि मग एम्बेडेड लिनक्स (छोट्या उपकरणांतलं लिनक्स) यातच काढलीयत, त्यामुळे यातल्या बऱ्याच जणांच्या भांडणाचा हिशोब आम्हाला बिल्ड फुटल्यावर कळायचा. म्हणून माझं उत्तर थोडं त्या बाजूनं येणार. हट्टी माणसं नसती तर उभं राहिलं नसतं हे मला मान्य आहे, शिव्या देणारी नसती तर नसतं राहिलं हे अजिबात मान्य नाही. पण याहून मोठी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मेंटेनरचा, म्हणजे कोड सांभाळणाऱ्या नि पॅच घ्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या माणसाचा, स्वभाव मेलपुरता राहत नाही, तो कोडमध्ये उतरतो. लायब्ररीत कुठलं फंक्शन आहे नि कुठलं नाही, आपण जीसीसी वापरतो की क्लँग (दोन्ही कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारी टूल्स), दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं एसएसएच कुणी लिहिलं, यातल्या कितीतरी गोष्टींच्या मुळाशी कोणाचं तरी कोणाशी तरी फाटलेलं आहे.

ही चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनपासूनच सुरू करायला लागेल. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यानं ग्नूची, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची, घोषणा केली आणि जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली, कशासाठी तर उद्या संस्थेनं त्याच्या कोडवर हक्क सांगू नये म्हणून. आता नोकरी सोडून आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला बसणारा माणूस चारचौघांसारखा 'बघू, काढू काहीतरी मार्ग' म्हणणारा असेल ही अपेक्षाच चूक आहे. आणि त्या हट्टाचा रोख फायदा झाला, नुसता तत्त्वाचा नाही. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीनं ग्नूच्या जीसीसीवर ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचा फ्रंट-एंड (ती भाषा वाचणारा भाग) लिहिला होता, आणि त्यांची शक्कल अशी की आपला भाग फक्त ऑब्जेक्ट फाइल्स (सोर्स न दिसणारा तयार कोड) म्हणून द्यायचा, लिंकिंग, म्हणजे जोडणी, गिऱ्हाइकानं आपल्या मशीनवर करायचं, म्हणजे कागदोपत्री जीपीएल (आपला कोड जोडून वाटलात तर सोर्सही द्या असं सांगणारं ग्नूचं लायसन्स) मोडलं असं होत नाही. स्टॉलमन बधला नाही. शेवटी नेक्स्टला सोर्स सोडावा लागला आणि ऑब्जेक्टिव्ह-सी जीसीसीत आली. तिथं एखादा समंजस, सगळ्यांना धरून चालणारा माणूस असता तर त्यानं तडजोड केली असती आणि पुढच्या प्रत्येक कंपनीनं तीच पळवाट वापरली असती, याबद्दल मला शंका नाही.

पण याच अनुभवातून त्यानं जे ठरवलं ते बघा. कंपायलरचे आतले टप्पे बाहेरच्या प्रोग्रॅमला सहज वापरता येतील असं काही द्यायचंच नाही, नाहीतर कोणीतरी आपला बंदिस्त भाग त्याला जोडून पळेल. म्हणजे एका वकिली डावाला दिलेलं उत्तर कंपायलरच्या रचनेत जाऊन बसलं. वर्षानुवर्षं लोक मागत होते की एडिटरला, कोड तपासणाऱ्या टूल्सना जीसीसीकडची माहिती मिळू द्या, आणि उत्तर नाही. प्लगइन यायला २०१० चं जीसीसी ४.५ उजाडावं लागलं. त्याआधी १९९७ मध्ये, काम फार संथ चाललंय, पॅच घेतच नाहीत म्हणून वैतागलेल्या लोकांनी ईजीसीएस नावाचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळी चूल, काढला, तो इतका पुढे गेला की १९९९ मध्ये त्यालाच अधिकृत जीसीसी म्हणायची वेळ आली. आणि मग एलएलव्हीएम, म्हणजे क्लँग ज्याच्यावर उभा आहे तो कंपायलरचा पाया. नोव्हेंबर २००५ मध्ये एलएलव्हीएम सुरू करणाऱ्या ख्रिस लॅटनरनं जीसीसीच्या लिस्टवर लिहिलं होतं की घेणार असाल तर एलएलव्हीएमचा कॉपीराइट एफएसएफच्या (स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या) नावावर करून देतो. ते पुढे सरकलं नाही. नंतर २०१४ मध्ये स्टॉलमननं एलएलव्हीएम म्हणजे चळवळीला बसलेला भयंकर धक्का आहे असं म्हटलं, कारण ते कॉपीलेफ्ट नाही (म्हणजे बदललेला सोर्सही खुला ठेवायची सक्ती त्यात नाही), आणि पुढच्याच वर्षी कबूल केलं की ती ऑफर त्याला तेव्हा कळलीच नव्हती. म्हणजे यात नकारसुद्धा नव्हता. पण ज्या माणसाशी वाद घालायला लोक वैतागतात त्याच्याकडे 'अहो, तो मेल बघितलात का' असं जाऊन सांगणारंही कोणी उरत नाही, निदान मी तरी त्याचा अर्थ असाच लावतो. आज ॲपलचं सगळं क्लँगवर, अँड्रॉइड क्लँगवर, रस्टचा बॅकएंड एलएलव्हीएम.

माणसांच्या बाजूनं काय झालं तेही सांगायला पाहिजे. त्याच्या वागण्याबद्दल, विशेषतः बायकांना येणाऱ्या अनुभवांबद्दल, कुजबुज जुनी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये जेफ्री एपस्टीनच्या लैंगिक शोषण प्रकरणाच्या संदर्भात एमआयटीच्या एका मेल थ्रेडमधल्या त्याच्या विधानांवरून गदारोळ झाला, त्याला एमआयटीतलं पाहुण्या संशोधकाचं पद आणि एफएसएफचं अध्यक्षपद दोन्ही सोडावं लागलं. मार्च २०२१ मध्ये तो एफएसएफच्या बोर्डावर परत आला, तर रेड हॅट या लिनक्स कंपनीनं एफएसएफचा निधी थांबवला. जी संस्था जगातल्या कंपन्यांना लायसन्स पाळायला लावण्यासाठी होती तिची ताकद आपल्याच संस्थापकाला सांभाळण्यात गेली.

दुसरा थिओ डी राट. हा माणूस मला मनापासून आवडतो आणि त्याच्याबरोबर काम करायची वेळ आली नाही याचा तितकाच आनंद आहे. नेटबीएसडी, म्हणजे लिनक्ससारखीच दुसरी एक खुली ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. डिसेंबर १९९४ मध्ये बाकीच्यांनी त्याला कोअर टीममधून बाहेर काढलं, कारण दिलं गेलं ते लोकांशी उद्धटपणे वागतो म्हणून. रिपॉझिटरीचा, म्हणजे सगळा कोड ठेवतात त्या जागेचा, ॲक्सेस गेला, तो परत मिळावा म्हणून महिनोन्‌महिने मेलामेली झाली, शेवटी ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यानं ओपनबीएसडी काढलं. आणि या नव्या प्रोजेक्टनं सुरुवातीलाच केलेली गोष्ट कुठली, तर सीव्हीएस या तेव्हाच्या रिपॉझिटरी सॉफ्टवेअरला निनावी प्रवेश, म्हणजे कोणीही, ओळखदेख नसताना, पूर्ण सोर्स आणि त्याचा इतिहास बघू शकेल. आज गिटहब बघून मोठ्या झालेल्यांना यात काय विशेष असं वाटेल, पण तेव्हा रिपॉझिटरी हा आतल्या लोकांचा देव्हारा होता. ज्याला दार लावून बाहेर ठेवलं त्यानंच दार काढून टाकलं, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

मग १९९९ च्या शेवटी ओपनबीएसडी २.६ बरोबर ओपनएसएसएच आलं. तुम्ही आज सकाळी ज्या कुठल्या सर्व्हरवर लॉगिन केलं असेल ते बहुतेक यानंच. २००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पाकडून सुमारे २० लाख डॉलरच्या प्रोजेक्टमधून यांना पैसे येत होते, आणि या पठ्ठ्यानं एका कॅनेडियन पेपरला मुलाखत देऊन इराक युद्धावर तोंडसुख घेतलं. पैसे बंद. आता याला बाणेदारपणा म्हणायचं की तोंडाळपणा ते तुम्ही ठरवा, पण शेंडी तुटो की पारंबी तुटो असा माणूसच सगळ्या जगाचा सिक्युरिटी कोड एकेक ओळ करून तपासायला बसू शकतो.

आता एक प्रकरण जरा जवळून दाखवतो, कारण त्यात दोन तिरसट माणसं समोरासमोर आहेत. सी या भाषेत एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, दुसरीकडे कॉपी करायची तर एसटीआरसीपीवाय (strcpy) हे फंक्शन धोकादायक, जागा संपली तरी लिहीतच जातं. त्यावर तोडगा म्हणून लोक एसटीआरएनसीपीवाय वापरतात, पण त्यात गंमत अशी की सोर्स लांब निघाला तर स्ट्रिंग संपली अशी खूण असलेला शेवटचा शून्य बाइट टाकतच नाही, आणि मग पुढचं फंक्शन वाचत वाचत कुठल्या कुठे जातं. ओपनबीएसडीवाल्यांनी १९९८ च्या सुमाराला एसटीआरएलसीपीवाय आणलं. बफरचा, म्हणजे कॉपीसाठी ठेवलेल्या जागेचा, आकार द्या, शून्य बाइट टाकणार म्हणजे टाकणार, आणि मूळ स्ट्रिंग केवढी होती ते परत सांगणार, म्हणजे काही कापलं गेलं का ते एका तुलनेत कळतं. साधं, उपयोगी. २००० साली हे ग्नूच्या सी लायब्ररीत, म्हणजे जीलिबसीत, घ्या असं कोणीतरी सुचवलं. तिथं मेंटेनर उलरिक ड्रेपर. त्याचं म्हणणं, हा बीएसडीचा अत्यंत अकार्यक्षम कचरा आहे, स्ट्रिंग नीट हाताळायची तर तिची लांबी कायम माहीत असलीच पाहिजे, साधारण या चालीवर. विषय संपला.

संपला म्हणजे काय, तर तेवीस वर्षं संपला. त्या काळात प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टनं आपापल्या झाडात, म्हणजे सोर्सच्या साठ्यात, हे फंक्शन कॉपी करून ठेवलं. पॅकेजिंग करताना मी कॉन्फिगर स्क्रिप्टच्या आउटपुटमध्ये 'एसटीआरएलसीपीवाय आहे का... नाही' ही ओळ इतक्या वेळा बघितलीय की झोपेत म्हणेन. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोत (कर्नल आणि बाकी सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या संचात) तर असल्या फंक्शनांसाठी लिबबीएसडी नावाची वेगळी लायब्ररी. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये जीलिबसी २.३८ मध्ये ते आलं, कसलाही गाजावाजा न होता.

पण ड्रेपर पूर्ण चूक नव्हता, हे गोष्ट रंगवून सांगणारे सांगत नाहीत. एसटीआरएलसीपीवायला मूळ लांबी परत सांगायची असते, म्हणून ते सोर्स शेवटपर्यंत वाचतं, आणि सोर्सलाच शेवटचा शून्य बाइट नसेल तर तेही भरकटतं. याच कारणासाठी कर्नलवाल्यांनी २०१५ मध्ये एसटीआरएससीपीवाय आणलं आणि एकेक जागा बदलत २०२४ च्या सुरुवातीला एसटीआरएलसीपीवाय कर्नलमधून काढून टाकलं. म्हणजे आक्षेपात दम होता, पण तो 'कचरा' या शब्दाखाली गाडला गेला. तेव्हाच कोणी शांतपणे 'परत सांगायची पद्धत बदला, मग घेतो' म्हणालं असतं तर कदाचित सगळ्यांकडे एकच चांगलं फंक्शन असतं. त्याऐवजी एका बाजूला बीएसडी, एका बाजूला जीलिबसी, आणि मधे आम्ही 'हे फंक्शन असेल तर असं, नाहीतर तसं' अशा इफडेफच्या ओळी लिहीत.

ड्रेपरचा मला वैयक्तिक त्रास जास्त होता कारण मी एआरएमवर, म्हणजे मोबाइलसारख्या उपकरणांतल्या चिपवर, काम करायचो. एआरएमसाठीची एक दुरुस्ती त्यानं 'या एम्बेडेड कचऱ्यासाठी चांगल्या आर्किटेक्चरचं नुकसान का करू' अशा शब्दांत उडवून लावली होती. माणूस तांत्रिकदृष्ट्या अफाट, आधुनिक लिनक्सवरचे थ्रेड्स बऱ्याच अंशी त्याच्या कामावर उभे आहेत, पण त्याच्याकडे बग नोंदवायचा म्हणजे पोटात गोळा. २००९ मध्ये डेबियननं वैतागून जीलिबसी सोडून ईजीलिबसी हा फोर्क घेतला. पुढे ड्रेपर बाजूला झाला, मार्च २०१२ मध्ये जीलिबसीची स्टिअरिंग कमिटीच विसर्जित करून निर्णय लिस्टवर एकमतानं घ्यायचे असं ठरलं, ईजीलिबसीमधलं काम परत मूळ झाडात आलं आणि २०१४ मध्ये डेबियनही परतलं. कोड तोच, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यात जेवढी साफसफाई झाली तेवढी आधी होत नव्हती. हुशार पण खडूस मेंटेनर गेला की प्रोजेक्ट बसतं असं जे म्हणतात त्यांनी हे उदाहरण जरूर बघावं.

आता लिनक्स सुरू करणारा लायनस टॉरवाल्ड्स, ज्याच्या मेलांना तुम्ही मुळात घाबरलात. सगळ्यात प्रसिद्ध मेल २३ डिसेंबर २०१२ चा, मॉरो कार्व्हालो चेहाब या मीडिया सबसिस्टिमच्या मेंटेनरला. झालं असं होतं की व्हिडिओ ड्रायव्हरमधल्या एका बदलानं आयओसीटीएलकडून (प्रोग्रॅमनं ड्रायव्हरला दिलेल्या हुकमाच्या उत्तरात) वेगळाच एरर कोड यायला लागला, ईनोएंट, म्हणजे 'अशी फाइल नाही' या अर्थाचा, आणि त्यामुळे युजरच्या मशीनवरचे ऑडिओचे प्रोग्रॅम बिघडले. मॉरोनं सुचवलं की चूक पल्सऑडिओसारख्या ॲप्लिकेशनची दिसतेय. त्यावर लायनसनं तोंड बंद कर अशा अर्थाची, छापता न येणारी सुरुवात करून जी खरडपट्टी काढली ती आजतागायत मीम म्हणून फिरते, आणि तिच्या मध्यावर एक वाक्य मोठ्या अक्षरांत आहे की आम्ही युजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे लोकांचे प्रोग्रॅम, मोडत नाही.

आता नीट बघा. ते वाक्य सोन्याचं आहे. तुमचा दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्या कर्नलवर चालतो तो या एका नियमामुळे, आणि हा नियम राखायला कोणीतरी खरंच हेकट लागतं, कारण दर आठवड्याला कोणीतरी शहाणा येऊन म्हणतो की पण ॲप्लिकेशननं चुकीचं गृहीत धरलं होतं. पण हा नियम सांगायला दोन ओळी पुरतात. उरलेल्या मेलनं काय साधलं? मॉरो टिकला, आजही काम करतो, त्याची कातडी जाड होती. पण तो मेल हजारो पोरांनी वाचला आणि त्यातल्या काहींनी त्यातून नियम उचलण्याऐवजी सूर उचलला, आणि लायनसची बुद्धी नसलेले लायनस आमच्याकडे प्रत्येक यूजर ग्रुपमध्ये, प्रत्येक ऑफिसात तयार झाले, नवख्यानं प्रश्न विचारला की 'मॅन्युअल वाच' म्हणून अंगावर जाणारे.

२०१३ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी लिस्टवर उघडपणे सांगितलं की हे चालणार नाही. लायनसचं उत्तर साधारण असं की मी असाच आहे, मला ऑफिसातला गोडगोड खोटेपणा जमत नाही. २०१५ मध्ये शार्प कर्नल सोडून गेल्याचं जाहीर झालं. आणि मग १६ सप्टेंबर २०१८, कर्नल ४.१९ च्या चौथ्या आरसीच्या (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीच्या) घोषणेबरोबर लायनसनंच माफी मागितली, लोकांच्या भावना समजण्यात मी कमी पडतो, मदत घेतो म्हणाला, सुट्टीवर गेला, दुसरा ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमननं ४.१९ पूर्ण केलं, आचारसंहिता आली. तेव्हा बरेच जण छाती बडवत होते की आता कर्नलचा दर्जा घसरणार. नाही घसरला. रिलीज अजूनही नऊ-दहा आठवड्यांनी येतात आणि तो अजूनही वाईट पॅचला वाईटच म्हणतो, फक्त आता बहुतेक वेळा पॅचला म्हणतो.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे आपल्याकडे म्हणतातच. फ्री सॉफ्टवेअरमध्ये हा हिशोब वर्षानुवर्षं चालला कारण १९९५ मध्ये गोठ्यात गायच एक होती. कर्नलच्या एकेका रिलीजमध्ये आता सुमारे दोन हजार लोकांचं काम असतं, त्यामुळे हिशोब बदललाय. बीकॅशएफएस हे ताजं उदाहरण. केंट ओव्हरस्ट्रीटची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइल्स ठेवायची व्यवस्था), कल्पना उत्तम, जानेवारी २०२४ मध्ये ६.७ बरोबर कर्नलमध्ये आली. पण मर्ज विंडो, म्हणजे प्रत्येक रिलीजसाठी नवे बदल घ्यायचे पहिले दोन आठवडे, संपल्यावर मोठे बदल पाठवायचे नाहीत हा नियम, त्यावरून दर वेळी वाद, दुसऱ्या डेव्हलपरशी भांडण, २०२४ च्या शेवटी आचारसंहिता कमिटीनं एका रिलीजपुरतं त्याचं काम घेणं थांबवलं, आणि २०२५ मध्ये ६.१८ च्या वेळी तो कोड कर्नलमधून काढलाच. बिचाऱ्या वापरणाऱ्यांना आता मॉड्यूल वेगळं बांधायला लागतं. गंमत म्हणजे त्याला नियम शिकवणारा लायनस होता.

फोर्क करता येतो म्हणून ही चळवळ तिरसट माणसांना पचवू शकली, हे खरंय, आणि तो हक्क जीपीएलमध्ये लिहून ठेवणारा स्टॉलमनच होता. २००३ मध्ये लिनक्सवर स्क्रीनवरचं चित्र उमटवणाऱ्या एक्सफ्री८६ या प्रोजेक्टनं कीथ पॅकार्डला कोअर टीममधून काढलं, वर्षभरात त्यांनी लायसन्सही बदललं, आणि बघता बघता सगळ्या डिस्ट्रो त्याच्या फोर्ककडे, एक्स डॉट ऑर्गकडे, गेल्या. पण फोर्क करायला माणसं लागतात. जिथं एकच माणूस फुकटात लायब्ररी सांभाळतो तिथं फोर्क नुसता कागदावर.

आणि तिरसटपणा फक्त वरून खाली येतो असं समजू नका. एक्सझेड नावाची कॉम्प्रेशनची लायब्ररी लासे कॉलिन हा एकटा सांभाळायचा. २०२२ मध्ये लिस्टवर काही नावांनी मेल यायला लागले, पॅच किती दिवस पडलेत, प्रोजेक्ट मेलंय, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्यानं सांगितलं की मला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. तरी दबाव चालूच. शेवटी मदतीला आलेल्या जिया टॅन या गोड बोलणाऱ्या, कष्टाळू माणसाला त्यानं हक्क दिले, आणि टॅननं आत बॅकडोअर, म्हणजे चोरदार, घातलं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंडनं ते उघड केलं, कारण एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. ते दबाव आणणारे मेलसुद्धा त्याच कटाचा भाग होते असं मानलं जातं. जिथं खेकसणं ही रोजची भाषा असते तिथं मुद्दाम केलेला छळ वेगळा ओळखू येत नाही, आणि त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत सभ्य माणूसच चोर निघाला, हेही लक्षात ठेवा.

ज्यांनी भांडण केलं, फोर्क काढला, त्यांची नोंद राहते. जे गुपचूप गेले त्यांची राहत नाही. माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, टचस्क्रीनच्या ड्रायव्हरमध्ये तिला चूक सापडली, बोर्ड झोपेतून उठताना कंट्रोलर रीसेट व्हायच्या आधीच इंटरप्ट चालू होत होता, त्यामुळे पंचवीस-तीस वेळा उठवला की एकदा स्क्रीन मुकी व्हायची. तिनं दोन ओळींची अदलाबदल करून पॅच पाठवला. नाव सांगत नाही, पण उत्तर आलं की हे टेस्ट तरी केलंस का, आधी सी शिक. टेस्ट तिनं रात्रभर लूप लावून केली होती, फक्त ते कमिट मेसेजमध्ये, म्हणजे पॅचबरोबरच्या टिपणात, लिहिलं नव्हतं. तिनं दुसरी आवृत्ती पाठवलीच नाही. आपल्याकडे शाळेपासून सरांनी वर्गात ओरडलं की हात खाली, तो संस्कार इतका मुरलेला असतो की परक्या देशातल्या माणसाचा इंग्रजीतला एक मेलही पुरतो. मग तो पॅच आमच्या कंपनीच्या झाडात पडून राहिला, प्रत्येक कर्नल अपग्रेडला कोणीतरी तो नव्यानं बसवायचं, मधे ती नोकरी सोडून गेली, आणि बाकी जगातले लोक मुक्या स्क्रीनला शिव्या देत रीबूट करत राहिले. चळवळीचं नुकसान मोजायचं तर असं मोजायला लागेल, आणि ते मोजता येत नाही.

तर आता तुमचा पॅच. पाठवा. कोडची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवून घ्या, फालतू स्पेसवरून बोलणी खाऊ नका. कुठला कोड कोण सांभाळतं ते सांगणाऱ्या गेट-मेंटेनर स्क्रिप्टनं जी नावं येतील त्यांचे गेल्या काही महिन्यांतले मेल लोअरच्या (lore.kernel.org या जुन्या मेलांच्या साठ्याच्या) अर्काइव्हमध्ये वाचा, लायनसचे नको, यांचे, कारण तुमच्या पॅचला उत्तर हे देणार आहेत आणि तुम्हाला दिसेल की बहुतेक जण कामापुरतं, कोरडं, पण नीट बोलतात. कोरडं म्हणजे रागावलेलं नव्हे, 'धन्यवाद, घेतला' एवढ्यावर मेल संपला तरी ते कौतुकच समजा. कमिट मेसेजमध्ये आधी युजरला काय त्रास होतो ते, मग का होतो, मग तुम्ही काय केलं, आणि टेस्ट कशावर, कशी केली ते लिहाच. कुठल्या कमिटनं चूक आली ते सापडलं असेल तर फिक्सेसची (Fixes:), म्हणजे ती कमिट सांगणारी, ओळ टाका, ती असली की लोक तुम्हाला गांभीर्यानं घेतात.

आणि उत्तर वाकडं आलंच तर मी काय करतो सांगतो. मेल एडिटरमध्ये घेतो, माणसाबद्दलची वाक्यं उडवतो, कोडबद्दलची ठेवतो. बऱ्याचदा दहा ओळींतल्या दोन-तीन उरतात आणि त्या कामाच्या असतात. त्यांना त्यांच्याच खाली एकेक उत्तर, सगळ्या मेलच्या डोक्यावर एकच उत्तर ठोकायचं नाही, मेल प्लेन टेक्स्टमध्ये. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली. काहीच उरलं नाही, नुसती माणसाबद्दलचीच वाक्यं असली, तर आचारसंहिता कमिटीला लिहायला लाजू नका, ती त्यासाठीच आहे, आणि दुसऱ्या कोणाला कॉपीत घेऊन पॅच तसाच पुढे न्या. उत्तरच नाही आलं तर दोन आठवडे थांबून एक साधी आठवण. फक्त आत्ता मर्ज विंडो चालू आहे का बघून घ्या, असेल तर पहिली आरसी येईपर्यंत थांबा, त्या दोन आठवड्यांत चांगली माणसंही चिडकी असतात.